दारूचं दुकान आधीपासून सरकारचंच आहे, पाटी तेवढी दुसऱ्याची

सरकारला स्वतः दारूची दुकानं चालवता येतात का, हे कायद्यात बसतं का, असं कोणी विचारलं की समजायचं, विचारणाऱ्याला मनातून "नाही" हेच उत्तर हवंय. गांधीजींचा देश, नोटांवर त्यांचा चेहरा, आणि सरकारचा पगारी माणूस जाळीआडून क्वार्टर सरकवणार, कसं दिसतं ते! तर कसं का दिसेना, कायद्यात बसतं. अगदी फिट बसतं. पोस्ट लांबणारे हे आधीच सांगते, ज्यांना फक्त "दारू वाईट" किंवा "ज्याला प्यायचीय त्याला पिऊ द्या" एवढंच म्हणायचंय त्यांनी खाली कमेंट टाकून पुढे गेलं तरी चालेल.

मी लोअर परळच्या एका परमिट रूमचे अकाउंट्स बघते. राहायला भांडुपला. मार्च आला की आमच्या ऑफिसात दुसरा विषयच नसतो, लायसन्स रिन्यूअल, फीचं चलन, स्टॉक रजिस्टर जुळवणं, कुठल्या ब्रँडच्या किती बाटल्या आल्या, किती पेग गेले, शिल्लक किती, सगळं कागदावर आणि कपाटात सारखं दिसलं पाहिजे. स्वतः कधीतरी बिअर पिते, पगार याच धंद्यातून येतो, त्यामुळे मी काही तटस्थ वगैरे नाहीये. पण कायदा काय म्हणतो ते पोटासाठी वाचावं लागतं.

घटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यांची जी यादी आहे तिच्यात आठव्या नंबरला दारू आहे, बनवणं, बाळगणं, वाहतूक, खरेदी, विक्री, सगळं राज्याच्या हातात. म्हणून गुजरातमध्ये बंदी, गोव्यात स्वस्त आणि आपण अधेमधे. जीएसटी आला तेव्हाही पिण्याची दारू घटनेनेच बाहेर ठेवली, हा गल्ला कुठलंच राज्य सोडायला तयार नव्हतं. आता तुम्ही म्हणाल धंदा करायचा मूलभूत हक्क नागरिकाला आहे ना, मग सरकार त्यात घुसून सगळ्यांना बाहेर कसं काढणार? त्याचीही सोय आहे. एकोणिसाव्या कलमात हक्क दिलाय आणि त्याच कलमाच्या सहाव्या उपकलमात १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने लिहून ठेवलंय की सरकार एखादा धंदा स्वतः करू शकतं, नागरिकांना त्यातून पूर्ण किंवा थोडंफार वगळून. त्यावर १९९४ मध्ये खोडे डिस्टिलरीजच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सरळ सांगितलं की पिण्याच्या दारूचा धंदा करायचा मूलभूत हक्क कोणालाच नाही, सरकार तो पूर्ण बंद करू शकतं, लायसन्स देऊन करू देऊ शकतं, नाहीतर मक्ता स्वतःकडेच ठेवू शकतं. संपला विषय. सत्तेचाळीसावं कलम दारूबंदीसाठी प्रयत्न करा म्हणतं खरं, पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे, ते दाखवून कोर्टाकडून दुकान बंद करून घेता येत नाही.

पण मला या सगळ्यात सगळ्यात भारी वाटते ती १९७५ ची गोष्ट. हर शंकर म्हणून एक केस आहे, आणि तिच्या थोडी आधीची नाशिरवार म्हणून दुसरी. दारूवाले म्हणत होते की एवढी मोठी लायसन्स फी घेता, बदल्यात सेवा कुठली देता? कोर्ट म्हणालं, ही नेहमीसारखी फी पण नाही आणि टॅक्स पण नाही, दारू विकायचा अधिकार मुळात सरकारचाच आहे, तो सरकार तुम्हाला देतंय आणि त्याची ही किंमत आहे. म्हणजे काय झालं बघा. कायद्याच्या नजरेत महाराष्ट्रातलं प्रत्येक वाईन शॉप, प्रत्येक बिअर शॉपी, प्रत्येक देशी बार आणि आमची परमिट रूम, सगळे सरकारचे भाडेकरू आहेत. घरमालक एकच, आणि भाडं दरवर्षी वाढवायचा हक्क त्याचा. आमच्या शेठना मी हे एकदा समजावून सांगितलं तर ते म्हणाले, "मॅडम, हे मला कोर्टाने सांगायची गरज आहे का, मी चलन भरतो."

म्हणून "सरकारने दुकान काढावं का" हा वादच मला थोडा गंमतीचा वाटतो. दुकान आहेच. गल्ल्यावर कोण बसतं एवढाच फरक.

आणि आपल्या महाराष्ट्राचं तर काय सांगावं. ज्या कायद्याखाली आमचं लायसन्स आहे त्याचं नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम! १९४९ चा, तेव्हा मुंबई दारूबंदी कायदा म्हणायचे. त्याच्याही आधी १९३९ च्या ऑगस्टमध्ये मुंबई शहरात दारूबंदी आणून झाली होती. १९४९ च्या कायद्याला बलसारा नावाच्या मुंबईच्या गृहस्थांनी आव्हान दिलं, त्यांना व्हिस्की, ब्रँडी, बिअर तर हवीच होती, शिवाय औषधी वाईन आणि ओ-द-कोलोनसुद्धा, कारण कायदा इतका लांब हात मारत होता की अल्कोहोल असलेलं अत्तरपाणीही त्यात अडकत होतं. १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टाने औषधं आणि अत्तरं सोडवली, बाकी दारूबंदी मोठ्या प्रमाणात शाबूत ठेवली. मग पुढची दहा-पंधरा वर्षं मुंबईत काय चाललं ते आपल्या आजोबांच्या पिढीला विचारा, आंटीचे अड्डे, खाडीकडेच्या हातभट्ट्या, टायरच्या ट्यूबमधून दारूची वाहतूक. साठच्या दशकात सरकारने हळूहळू नमतं घेतलं आणि परमिट पद्धत सैल केली. बंदीचा कायदा मात्र रद्द नाही केला, त्याच्याच पोटात भोकं पाडली आणि त्या भोकांना परमिट म्हटलं.

ते परमिट आजही आहे. आजही! महाराष्ट्रात दारू प्यायची, विकत घ्यायची, जवळ ठेवायची तर परवाना लागतो, एका दिवसाचा पाच रुपये, देशीला दोन रुपये, वर्षाचा शंभर, आणि हजार रुपयात आयुष्यभराचा. आणि कशासाठी, तर आरोग्य राखण्यासाठी. खोटं नाही सांगत, नियमातच तसं आहे. आमच्याकडे शुक्रवारी रात्री आठ-दहा पोरं कोणाचातरी वाढदिवस करायला येतात, बिअरचा टॉवर मागवतात, त्यातल्या एकालाही पत्ता नसतो की पलीकडे माझ्या टेबलावर एका दिवसाच्या परमिटांचं पुस्तक पडलंय आणि कायद्याच्या हिशोबाने ही सगळी पोरं इथे तब्येत सांभाळायला आलीयत. वय विचाराल तर बिअरला, वाईनला २१ आणि व्हिस्की-रमला २५. मत १८ ला देता येतं, मुलाचं लग्न २१ ला होतं, म्हणजे कायद्याने बघितलं तर कित्येक नवरदेवांना स्वतःच्या वरातीत पेग चालत नाही. हे पाळतं कोण, तर कोणीच नाही. पण ज्या दिवशी कोणाला तुम्हाला धरायचंच असेल त्या दिवशी हे कलम तयार आहे. जो कायदा रोज सगळेच मोडतात तो कायदा कोणावर कधी वापरायचा हे वापरणाऱ्याच्या मूडवर राहतं, आणि माझा आक्षेप दारूपेक्षा ह्याच्यावर जास्त आहे.

दुसरी गोष्ट लायसन्सची. वाईन शॉपचं नवीन लायसन्स महाराष्ट्राने सत्तरच्या दशकापासून देणं बंद केलं. कारण ऐकायला छान, दुकानं वाढायला नकोत. झालं काय, की तेव्हा ज्यांच्याकडे लायसन्स होती त्यांची चांदी झाली, राज्यभरात सतराशेच्या आसपास दुकानं, लोकसंख्या वाढली, मुंबई विरार-बदलापूरपर्यंत पसरली, लायसन्स तेवढीच. हातातलं लायसन्स म्हणजे सोन्याची खाण, ते इथून उचलून तिथे नेतात, भागीदारीत घेतात. हा मक्ता नाही तर काय आहे? सरकारी मक्ता नको म्हणून आपण नाक मुरडतो आणि सरकारनेच तयार केलेला खासगी मक्ता पन्नास वर्षं गप्प बघतो. २०२५ मध्ये मद्य बनवणाऱ्या कंपन्यांना मिळून ३२८ नवीन लायसन्स द्यायचा विषय निघाला तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवत असेल. त्याआधी २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायचा निर्णय झाला, अण्णा हजारेंपासून सगळे उठले, आणि तो निर्णय कागदावरच राहिला. दोन्ही वेळा नैतिकतेची भाषणं भरपूर झाली, पण आज दुकानं कोणाकडे आहेत आणि का आहेत हा प्रश्न मी तरी फारसा ऐकला नाही.

आता सरकार खरोखर गल्ल्यावर बसतं तिथे काय होतं ते बघू. तमिळनाडूत टॅस्मॅक म्हणून सरकारी दारू महामंडळ आहे, १९८३ ला स्थापन झालं घाऊक व्यापारासाठी, २००३ पासून किरकोळ विक्रीही फक्त त्यांचीच. मी चेन्नईला एका लग्नाला गेले होते तेव्हा नवऱ्याबरोबर मुद्दाम बघायला गेले, लोखंडी जाळी, जाळीला हाताएवढं भोक, आत खाकी खोक्यांच्या थप्प्या, बाहेर माणसं नोट मुठीत धरून उभी आणि एकही बाई नाही. लोक माझ्याकडे बघत होते की ही इथे काय करतेय. म्हटलं तर आपल्या भांडुप स्टेशनजवळच्या दुकानापेक्षा वेगळं काही नाही. वेगळं आहे ते हिशोबात. २०२३-२४ मध्ये टॅस्मॅककडून राज्याच्या तिजोरीत ४५ हजार कोटींहून जास्त गेले. गंमत म्हणजे प्रत्येक सरकार तिथे दारू कमी करू म्हणत येतं, २०१६ मध्ये ५०० दुकानं बंद केली, २०१७ मध्ये अजून ५००, २०२३ मध्ये अजून ५००, आणि उत्पन्न काही खाली यायचं नाव घेत नाही. दुकान कमी झालं तर लाईन लांब होते, बस.

केरळात बेव्को हे सरकारी महामंडळ, तीच कथा, लाईन मात्र शिस्तीची. आंध्रने २०१९ मध्ये सगळी दुकानं सरकारकडे घेतली, दारूबंदीकडे टप्प्याटप्प्याने जाऊ म्हणून, लोकांची तक्रार अशी की ओळखीचे ब्रँड गायब आणि कधी नाव न ऐकलेल्या बाटल्या समोर, आणि २०२४ मध्ये सरकार बदललं तशी दुकानं परत खासगी. दिल्लीने बरोबर उलटं केलं, २०२१ च्या नोव्हेंबरात सरकार किरकोळ विक्रीतून बाहेर पडलं, काही महिन्यांत एकावर एक फ्रीच्या ऑफर, गर्दी, मग चौकश्या, मंत्र्यांना अटक, आणि २०२२ च्या सप्टेंबरपासून परत सरकारी महामंडळांची दुकानं. हे सगळं बघून मला तरी असं वाटत नाही की सरकारी चांगलं की खासगी चांगलं ह्याचं उत्तर पाटी बघून देता येईल.

बाहेरचं एक उदाहरण मात्र देते कारण ते मला पटतं. स्वीडनमध्ये सिस्टमबोलागेट म्हणून सरकारी कंपनी आहे, कडक दारू, वाईन, स्ट्राँग बिअर घरी न्यायला जवळजवळ फक्त तिथेच मिळते. तिथल्या फ्रान्झेन नावाच्या दुकानदाराने १९९५ च्या १ जानेवारीला, म्हणजे स्वीडन युरोपियन युनियनमध्ये गेलं त्याच दिवशी, मुद्दाम लायसन्सशिवाय वाईन विकली आणि केस अंगावर घेतली, की युरोपच्या खुल्या बाजारात सरकारी मक्ता चालतोच कसा. १९९७ मध्ये युरोपच्या कोर्टाने सांगितलं, किरकोळ विक्रीचा मक्ता चालतो, कारण तो लोकांच्या आरोग्यासाठी आहे आणि देशी-विदेशी मालात भेदभाव करत नाही. आता हे दुकान चालतं कसं बघा, रविवारी बंद, शनिवारी दुपारीच बंद, जास्त घेतलं तर सूट नाही, ऑफर नाही. म्हणजे सरकार दुकानात बसलंय ते कमी विकण्यासाठी. आपल्याकडे जिथे जिथे सरकार बसतं तिथे वरून टार्गेट येतं.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि त्यासाठी हे एवढं पुराण लावलं. दारू सरकारने विकली तर आभाळ कोसळत नाही, पण विकणारा, भाव ठरवणारा, टॅक्स घेणारा, तपासणारा आणि दारूबंदीचा प्रचार करणारा हे सगळे एकाच छत्रीखाली नकोत. महाराष्ट्रात तर कर गोळा करणं, लायसन्स देणं, हातभट्टीवर धाड टाकणं सगळं एकाच खात्याकडे. बजेटमध्ये त्या खात्याला आकडा दिलेला असतो, एवढे कोटी आणा. मग धाड घालायला माणूस कमी पडतो आणि चलन बघायला कमी पडत नाही, ह्यात त्या माणसांचा दोष कमी आणि त्यांच्यावर टाकलेल्या आकड्याचा जास्त.

पैशाची भूक किती असते ते आपण २०१६-१७ ला बघितलं की. सुप्रीम कोर्टाने हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत म्हटलं, अपघात कमी व्हावेत म्हणून, तर कित्येक राज्यांनी काय केलं, हायवेचा हायवेपणाच काढून घेतला, रस्ता पालिकेचा करून टाकला. केरळात एका बारवाल्याने दाराशी भूलभुलैयासारखी वळणं बांधली, म्हणजे चालायचं अंतर वाढेल! त्याला हसायचं तर सरकारांना का नको हसायला, दोघांनी एकच केलं. २०२० च्या मे महिन्यात लॉकडाऊन असताना दुकानं उघडायची घाई कोणाला झाली होती? दिल्लीने तर ७० टक्के कोरोना फी लावून विकली.

आणि भाव वाढवला की लोक कमी पितात हे तितकंसं सरळ नाहीये. २०२५ च्या जूनमध्ये आपल्या सरकारने स्वस्तातल्या विदेशी मद्यावरचं (म्हणजे इथेच बनणाऱ्या व्हिस्की-रमवरचं) उत्पादन शुल्क उत्पादन खर्चाच्या तिप्पट होतं ते साडेचार पट केलं, १८० मिलीची बाटली कमीत कमी २०५ रुपये, देशी ८०, आणि मधे धान्यापासून बनवलेली महाराष्ट्र मेड म्हणून नवी जात काढली, १४८ ची. अपेक्षा काय, तर वर्षाला १४ हजार कोटी जास्तीचे. आरोग्य हा शब्द त्या चर्चेत शोधावा लागला. त्याआधी बारवरचा व्हॅट दुप्पट होऊन १० टक्के झाला होता, लायसन्स फी १५ टक्के वाढली होती, म्हणून १४ जुलैला राज्यभर बार बंद ठेवले होते, आमचाही होता, त्या दिवशी मी निवांत जुन्या फायली लावल्या. आमच्या गिऱ्हाइकाचं काय, तो एक पेग कमी घेईल किंवा घरी पिईल. पण दिवसाला पाचशे-सहाशे कमावणारा नाका कामगार महाग झालं म्हणून दूध प्यायला लागत नाही, तो खालची पायरी उतरतो. खालची पायरी म्हणजे काय हे मुंबईला शिकवायला नको. २००४ ला विक्रोळीत ८७ माणसं गेली, २०१५ ला मालवणीत शंभरावर. मिथेनॉल होतं. मालवणीत गेलेले बहुतेक रोजंदारीवरचे, एका वस्तीत लागोपाठ तिरड्या, आणि मग आठवडाभर सगळीकडे धाडी. कायदेशीर दारू गरिबाच्या हाताबाहेर गेली की हे दुकान आपोआप चालू होतं, त्याला लायसन्स फी नाही, परमिट नाही, वय नाही.

इथे बायका मला विचारतील की मग तू दारू स्वस्त करा म्हणतेस का. नाही म्हणत. आमच्या चाळीत मी लहान असताना शनिवारी पगार झाला की कोणाच्या घरातून भांडी पडल्याचा आवाज येणार हे आम्हा पोरींना माहिती असायचं, मला दारूचं कौतुक सांगू नका. आपल्याकडे आडवी बाटलीचा नियम आहे, वॉर्डातल्या किंवा गावातल्या २५ टक्के बायकांनी मागणी केली की मतदान घ्यायचं, ठरलेल्या प्रमाणात मतं आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या चिन्हाला, पडली की दुकान बंद. गावात बायकांनी कित्येक दुकानं अशी बंद पाडलीत, हे दारूबंदीच्या इतिहासातलं मला सगळ्यात खरं वाटणारं काम आहे. पण मुंबईच्या वॉर्डात हजारो मतदार, तिथे २५ टक्के सह्या गोळा करायच्या म्हणजे निवडणूकच लढवायची. २०२५ च्या मार्चमध्ये सोसायटीच्या गाळ्यात नवीन दुकान काढायचं तर सोसायटीची एनओसी लागेल असं जाहीर झालं, चांगलं झालं, निदान खालच्या गाळ्यात काय येतंय हे वरच्यांना विचारतील तरी.

तर माझ्या मते करायला काय हवं, तर ते पाच रुपयाचं परमिट आधी काढून टाका, नाहीतर मनापासून पाळा, हे अर्धवट ठेवू नका. वय सगळ्या दारूला एकच ठेवा आणि ते खरंच तपासा. वाईन शॉपची पन्नास वर्षं गोठवलेली यादी उघडा आणि लायसन्स ठराविक मुदतीची करा, लिलाव करा, वारसाहक्काने कशाला? सरकारला स्वतः दुकान काढायचंच असेल तर काढू दे, माझी हरकत नाही, पण मग विक्रीचं टार्गेट ठेवणार नाही असं कायद्यात लिहा, आणि धाडी, भेसळ, वय ह्याची तपासणी उत्पन्न गोळा करणाऱ्या खात्याकडून काढून दुसऱ्या कोणाकडे द्या. आणि हे १४ हजार कोटी जास्तीचे येणार आहेत ना, त्यातले व्यसनमुक्तीला किती आणि सरकारी हॉस्पिटलात त्यासाठी बेड किती वाढवले, हा आकडा दरवर्षी बजेटच्या पुस्तकात वेगळ्या ओळीत छापा. आमच्याकडून पेगापेगाचा हिशोब घेता, तुमचाही एकदा बघू द्या.